टायफीडॉट पॉझिटिव्ह आलंय, पण हे 'बाह्य पटल प्रथिन' काय प्रकरण आहे?

सूरसागरकाठची
रविवार, रात्री ९.१०

लेक (अकरावी, वय १६) नऊ दिवस तापाने झोपून आहे. रोज संध्याकाळी पारा कालच्यापेक्षा दोन रेघा वर. भूक मेलेली, जिभेवर पांढरा थर, आणि चिडचिड इतकी की घरात कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्त काढून घेतलं. टायफीडॉट ही टायफॉइडची रक्ततपासणी आयजीएम पॉझिटिव्ह, सीआरपी (अंगातल्या दाहाची खूण) भरपूर वाढलेलं, पांढऱ्या पेशी मात्र कमीच. मागाहून कल्चरही आलं, साल्मोनेला टायफी. शिरेतून सेफ्ट्रिआक्सोन सुरू होऊन आज तिसरा दिवस. त्यामुळे उपचार विचारत नाहीये. गुळवेल, सुदर्शन, पपईची पानं, सगळं शेजारून येऊन गेलंय.

प्रश्न वेगळा आहे. लॅबमधली मुलगी ओळखीची निघाली, तिने किटमधला कागद दाखवला. त्यात होतं की ही तपासणी टायफीच्या ५० किलोडाल्टनच्या बाह्य पटल प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. मी कॉमर्सवाली, बडोद्यात दांडिया बाजारात हिशेब लिहिणारी. जिवाणूच्या अंगावरच्या एका प्रथिनाचा आणि माझ्या पोराच्या तापाचा संबंध काय? औषध चालू असूनही ताप का उतरत नाही? आणि पोराने मघाशी डोळे मिटून विचारलं, "आई, तो जिवाणू मला तापवतोय की मीच मला?" त्याला काय सांगू?

गायकवाडी
रविवार, रात्री ९.२२

पोराला लवकर आराम पडो. बाकी शास्त्रातलं शास्त्रवाले सांगतील, मी एवढंच सांगतो: सेव-उसळीच्या गाडीवरचा कच्चा कांदा आणि ती पाण्यातली चटणी दिवाळीपर्यंत बंद.

पेट्रीडिश
रविवार, रात्री १०.४५

ताई, लेकाला सांगा की प्रश्न झकास आहे. उत्तर: दोघं मिळून, पण चूल तुझीच.

(मी सायन्स फॅकल्टीत मायक्रोबायॉलॉजी केलं, पुढे पीएचडी मॅक्रोफेज पेशींवर. त्यामुळे हा माझा विषय, आणि उद्या सुट्टी आहे. लांबण लागेल.)

टायफी ग्राम-निगेटिव्ह आहे. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली जिवाणूंना जांभळा रंग देऊन अल्कोहोलने धुवायची युक्ती काढली. ज्यांचा रंग धुतला गेला ते निगेटिव्ह. त्याचं कारण अंगरख्यात आहे. या जिवाणूंना आत एक पटल, त्यावर पातळशी जाळीदार भिंत, आणि तिच्यावरून आणखी एक पटल असतं. स्वेटरवर रेनकोट घालावा तसं. तो रेनकोट म्हणजे बाह्य पटल.

त्याच्या बाहेरच्या अंगाला एलपीएस नावाचे चरबी-साखरेचे रेणू दाटीवाटीने उभे असतात. त्यांचा पटलात रुतलेला बुंधा म्हणजे लिपिड ए, खरा ज्वालाग्राही माल. आणि मधे मधे प्रथिनं खोचलेली. बहुतेकांचा आकार तळ नसलेल्या पिंपासारखा, प्रथिनाची पट्टी नागमोडी दुमडत गोल फिरते. ओम्पए नावाच्या प्रथिनात अशा आठ पट्ट्या, पोरिनमध्ये सोळा, आणि पोरिनं तीन-तीनच्या जुडीने राहतात. पोरिनच्या पोकळीतून जिवाणूचं अन्न आत जातं. तुमच्या लेकाचं सेफ्ट्रिआक्सोनही त्याच दारातून आत शिरतंय.

आता आपली बाजू. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, डेन्ड्रिटिक पेशी या आपल्या रक्षक पेशी जिवाणूला नाव-गाव विचारत बसत नाहीत, पोशाख बघतात. त्यासाठी त्यांच्या अंगावर टोल जातीचे ग्राहक (टीएलआर) असतात. टीएलआर-४ लिपिड ए ओळखतो. टीएलआर-२ चरबीची शेपटी लावलेली प्रथिनं, म्हणजे लायपोप्रोटीनं, आणि काही पोरिनं ओळखतो. टीएलआर-५ जिवाणूच्या शेपटाचं प्रथिन. यातलं कुणी ओळखीचं दिसलं की पेशीच्या आत निरोप जातो, एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ असे निरोप्ये सुटतात. हे निरोप्ये मेंदूतल्या थर्मोस्टॅटचा काटा वर सरकवतात. तो ताप. इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी बनवायला लावतं. म्हणजे रिपोर्टातलं सीआरपी जिवाणूचं नाही, लेकाच्या यकृताने बनवलेलं आहे. इंटरल्युकिन-८ न्यूट्रोफिलांना बोलावतं, ते येऊन जे आम्लं-विकरं ओततात त्यात सुक्याबरोबर ओलंही जळतं. या सगळ्याला आपण दाह म्हणतो.

औषध चालू असून ताप का? एक तर टायफी मॅक्रोफेजच्याच पोटात, प्लीहा-यकृत-अस्थिमज्जेत दडून बसतो. दुसरं, मरणारा जिवाणू आपला रेनकोट तुकड्या-तुकड्याने सोडत जातो, आणि पेशींना तुकडाही पुरतो.

डॉ_अर्धवट
रविवार, रात्री ११.०५

वरच्याला दुजोरा. योग्य औषध चालू असलं तरी टायफॉइडचा ताप उतरायला चार-पाच दिवस, कधी आठवडाही लागतो. आलेख हळूहळू खाली येतोय ना, ते बघा. पोट फुगलं, काळी शौचास झाली, पोर गुंगीत गेलं तर मात्र रात्र-पहाट न बघता दवाखाना गाठायचा.

टायफीडॉटबद्दल: आयजीएम आणि आयजीजी या प्रतिपिंडांच्या दोन जाती. आयजीजी एकदा झाला की बराच काळ रक्तात राहतो, तेव्हा नुसत्या आयजीजीवर निदान करायचं नसतं. आयजीएमही कधी दुसऱ्या तापात खोटा येतो. टायफॉइडची जुनी विडाल तपासणी तर १८९६ची, ती बाह्य पटलाची प्रथिनं बघतच नाही, ओ म्हणजे एलपीएसची साखळी आणि एच म्हणजे शेपूट एवढंच बघते. आपल्याकडे निम्म्या गावाच्या रक्तात ती प्रतिपिंडं आधीपासून असतात. कल्चर केलंत ते उत्तम.

रेवाकाठी_रमेश
सोमवार, सकाळी ७.३०

टोल ग्राहक? करजणच्या टोलनाक्यासारखे, ओळखीचा दिसला तरी थांबवणारे?

पेट्रीडिश
सोमवार, सकाळी ८.१५

विनोद चांगला आहे, पण नाव जर्मन आहे. 'टोल' म्हणजे 'कमाल!' फळमाशीतलं एक जनुक सापडल्यावर उमटलेला उद्गार तेच नाव होऊन बसला. १९९६मध्ये कळलं की टोल बिघडलेली माशी बुरशीने मरते, १९९८मध्ये कळलं की उंदरात त्याचाच भाऊबंद टीएलआर-४ एलपीएस ओळखतो. ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना त्याबद्दल २०११चं नोबेल मिळालं.

निवृत्त_नाना
सोमवार, सकाळी ९.४०

मेलेला जिवाणू ताप देतो हे मी ३१ वर्षं पगार घेऊन बघितलं आहे.

मकरपुऱ्याकडे इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्या खात्यात होतो. नाव राहू द्या, पेन्शन नसली तरी मीठ खाल्लंय. सुरुवातीला आमच्याकडे ससे होते. तीन ससे, कानाच्या शिरेतून औषध, आणि पुढे तीन तास गुदद्वाराचं तापमान. अंग तापलं की बॅच अडकली. मग एलएएल आली, म्हणजे नालखेकड्याच्या रक्तपेशींचा अर्क. अर्क आणि नमुना नळीत घालायचा, तासभर सदतीस अंशांवर ठेवायचा आणि नळी उलटी करायची. गोळा खाली पडला नाही तर एंडोटॉक्सिन, म्हणजे तेच एलपीएस, आहे. हे खेकडे आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतात. निळ्या रक्ताचे.

नव्या पोरांना समजत नसे की ऑटोक्लेव्ह केलं, जिवाणू वाढत नाहीत, तरी बॅच फेल कशी? अरे, मुडदा पडला पण अंगरखा शाबूत आहे! वाफेने एंडोटॉक्सिन जात नाही. काचेच्या बाटल्या कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास भाजाव्या लागतात. इंजेक्शनच्या पाण्याची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ युनिट. एकदा रबरी बुचं धुवायचं पाणी शनिवार-रविवार टाकीत तसंच राहिलं. सोमवारी वापरलं. वाढ शून्य, निर्जंतुक चाचणी पास, आणि एलएएलची नळी उलटी केली तर गोळा चिकटलेला. मॅनेजरसाहेब मला म्हणाले, पुन्हा कर, तुझाच हात घाण असेल. तीन वेळा केली. शेवटी बॅच फेकली, पण माझी त्या वर्षीची वाढही तिच्याबरोबर गेली.

आता शंका. आमची एलएएल फक्त एलपीएस बघते. ताईंच्या कागदावरचं ते प्रथिन, किंवा पेट्रीताई म्हणतात ती लायपोप्रोटीनं, औषधात आली तर आमच्या चाचणीला पत्ताच लागणार नाही की!

पेट्रीडिश
सोमवार, दुपारी १२.२०

नाना, नमस्कार घ्या. हाच प्रश्न मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी पडायला हवा होता. पडला नाही, त्याची कथा सांगते.

बरोबर आहे तुमचं. एलएएल म्हणजे दरवाजा उघडा, मोरीला बोळा. सशाला दोन्ही कळायचं, नालखेकड्याला फक्त एलपीएस. म्हणून आता माणसाच्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींवर नमुना घालून त्या निरोप्ये सोडतात का ते बघायची चाचणी आली आहे, युरोपच्या औषधकोशात २०१० पासून. तिला टीएलआर-२वालेही सापडतात.

आता उलट बाजू, म्हणजे माझी फजिती. मी एका जिवाणूचं बाह्य पटल प्रथिन ई. कोलायमध्ये बनवून घेत होते. सगळे तसंच करतात, स्वस्त पडतं. शुद्ध केलं, मॅक्रोफेजवर घातलं, टीएनएफचा नुसता पूर! मी खूश, गाइड खूश, विभागात पेढे. मग एका परिषदेत एका म्हाताऱ्या बाईंनी मागून हात वर केला. "उकळून बघितलंत?" प्रथिन उकळलं की त्याची घडी मोडते, त्याचा परिणाम जायला हवा. एलपीएसला उकळण्याने काही होत नाही. मी परत येऊन उकळलं. टीएनएफ तेवढंच. पॉलिमिक्सिन बी घातलं, ते लिपिड ए-ला मिठी मारून गप्प करतं. टीएनएफ जवळजवळ शून्य. म्हणजे दीड वर्ष मी प्रथिनाचा नव्हे, ई. कोलायच्या रेनकोटाच्या चिंध्यांचा अभ्यास करत होते.

यात मी एकटी नाही हे नंतर कळलं. आपल्याच पेशींतलं एचएसपी-७० नावाचं प्रथिन दाह पेटवतं असं बरीच वर्षं छापून येत होतं. २००३मध्ये दाखवलं गेलं की टीएनएफ सुटत होता तो नमुन्यातल्या एंडोटॉक्सिनमुळे. आणि उलटंही झालंय: बाजारात मिळणारं एलपीएस टीएलआर-२लाही जागं करतं असं वाटायचं. २०००मध्ये ते पुन्हा नीट शुद्ध केलं तर टीएलआर-२ ढिम्म. आधी जागं करत होती ती एलपीएसला चिकटलेली लायपोप्रोटीनं. चोर कोण आणि साव कोण, एकमेकांच्या खिशात हात.

तर बाह्य पटल प्रथिनांवरचं कुठलंही संशोधन वाचताना मी आधी तिथे जाते जिथे एंडोटॉक्सिन कसं काढलं ते लिहिलेलं असतं. नसेल तर पान उलटते.

तर्कट
सोमवार, दुपारी १.०५

म्हणजे 'प्रथिनं दाह करतात' हा सगळा एंडोटॉक्सिनचाच खेळ म्हणायचा? मग धाग्याचं नाव बदला.

पेट्रीडिश
सोमवार, दुपारी २.५०

नाही हो, घाई करू नका. खेळ वेगळा काढता येतो. टीएलआर-४ निकामी असलेल्या उंदरांच्या पेशी घ्यायच्या. त्यांना एलपीएस दिसतच नाही. त्या पेशीही पेटल्या आणि टीएलआर-२ काढलेल्या उंदराच्या पेशी थंड राहिल्या, तर प्रथिनाकडे बोट दाखवता येतं. नायसेरिया जातीच्या (मेंदूज्वर, परमा करणाऱ्या) जिवाणूंचं पोरबी हे पोरिन टीएलआर-२ला धरतं हे असंच ठरलं.

पण मला खरी गंमत वाटते ती क्लेबसिएलाच्या ओम्पएची. आयसीयूतल्या न्यूमोनियात हा जिवाणू नेहमीचा. त्याचं ओम्पए वेगळं काढून, शुद्ध करून मॅक्रोफेजला, डेन्ड्रिटिक पेशींना दिलं तर त्या टीएलआर-२मार्फत जाग्या होतात. म्हणजे दाह पेटवणारं प्रथिन. आता तेच प्रथिन जिवाणूच्या अंगावरून काढून टाका, ओम्पए नसलेला क्लेबसिएला बनवा आणि श्वासनलिकेच्या पेशींवर सोडा. दाह कमी व्हायला हवा ना? उलट वाढतो! अंगावर असताना ते प्रथिन पेशींना गप्प ठेवत होतं.

सुटं प्रथिन एक बोलतं, जिवाणूच्या अंगावरचं दुसरंच. त्यामुळे 'अमुक प्रथिन दाह वाढवतं' हे वाक्य मला अर्धंच वाटतं. कुठे असताना, किती, कुणाच्या शेजारी आणि कुठल्या पेशीसमोर, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य पुरं होत नाही. ताई, तुमच्या लेकाच्या प्रश्नाला मी काल 'दोघं मिळून' म्हटलं ते यासाठीच.

डॉ_अर्धवट
सोमवार, रात्री ९.१५

टायफॉइडमध्ये तर हे रोज बघतो. टायफीचाच चुलतभाऊ, बाहेरचं अंडं-कोंबडी खाऊन होणारा साल्मोनेला, आतड्यात गेल्या गेल्या धुमाकूळ घालतो. उलट्या, जुलाब, शौचात पू-पेशी, आणि बहुतेकदा आठवड्यात खेळ खलास. टायफी मात्र अंगावर व्हीआय नावाच्या साखरेची शाल पांघरतो. शालीखाली एलपीएस टीएलआर-४ला नीट दिसत नाही, शेपटाचं उत्पादनही तो आटोक्यात ठेवतो. न्यूट्रोफिलांना बोलावणंच जात नाही. चोर आरडाओरडा न होता घरात शिरतो, म्हणून ताप पायरी-पायरीने चढतो आणि पेशी कमी. सूरसागरताई, तुमच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी कमी का, याच्या कारणांत हे एक धरा.

टायफॉइडची नवी लसही त्या शालीचीच बनते. व्हीआय साखर धनुर्वाताच्या निष्प्रभ विषाला जोडलेली. हैदराबादला तयार झाली, सहा महिन्यांच्या बाळालाही चालते. लेक बरा झाला की तुमच्या डॉक्टरांना केव्हा द्यायची ते विचारा. एकदा टायफॉइड झाला म्हणजे आयुष्यभराची सुटका, असं नाही.

मगर_माझी_शेजारीण
सोमवार, रात्री १०.३०

आम्ही विश्वामित्रीच्या अगदी काठावर. २०२४च्या ऑगस्टात पुराचं पाणी खिडकीपर्यंत होतं, अंगणात मगर. मगरीचे फोटो सगळ्यांनी मागितले, गाळ काढायला कोणी आलं नाही. त्यानंतर आमच्या यांना ताप, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की ओरडायचे. लेप्टो निघाला, क्रिएटिनिन चढलं. देवकृपेने डायलिसिसवर नाही गेलं. त्यातही हे बाह्य पटल वगैरे असतं का?

पेट्रीडिश
सोमवार, रात्री ११.२०

असतं, आणि फार शिकवणारं. लेप्टोस्पायरा हा मळसूत्री जिवाणू उंदराच्या लघवीतून पाण्यात येतो. सुरत-वलसाडकडच्या भातखाचरांत तो जुना पाहुणा. त्यालाही बाह्य पटल आहे, पण त्याचं एलपीएस इतकं आडवळणाचं की माणसाचा टीएलआर-४ त्याला ओळखतच नाही, टीएलआर-२ ओळखतो. आणि त्याच्या पटलात सर्वांत जास्त भरलेलं लायपोप्रोटीन म्हणजे लिपएल-३२. ते मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशींवर घातलं की टीएलआर-२मार्फत दाहाचे निरोप्ये सुटतात. रोग करणाऱ्या जातींत हे सापडतं, निरुपद्रवी जातींत नाही. मग काय, सगळ्यांनी याच्यावरच आरोपपत्र ठेवलं.

२००९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने लिपएल-३२ नसलेला लेप्टोस्पायरा बनवला आणि प्राण्यांना टोचला. प्राणी तसेच आजारी पडले, मूत्रपिंडात वसाहतही तशीच झाली! पुढे असंही दिसलं की हे प्रथिन पटलाच्या बाहेरच्या पृष्ठावर नसून बरंचसं आतल्या अंगाला असतं. म्हणजे जिवंत जिवाणू ते मिरवत नसावा. तो फुटल्यावरच ते उघडं पडत असेल तर नानांच्या मुडद्याच्या अंगरख्याचीच गोष्ट. हे शेवटचं वाक्य माझा तर्क आहे, सिद्ध झालेलं नाही.

मगर_माझी_शेजारीण
सोमवार, रात्री ११.४०

औषध सुरू केल्यावर पहिल्या रात्री हे अजूनच थडथडले होते. मला वाटलं इंजेक्शन चुकलं, सिस्टरशी भांडले.

डॉ_अर्धवट
मंगळवार, सकाळी ६.५०

मळसूत्री जिवाणूंच्या आजारांत ते होतं. पहिल्या डोसाने जिवाणू घाऊक फुटतात, लायपोप्रोटीनं एकदम रक्तात, टीएनएफ उसळतो, हुडहुडी भरते. यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. लेप्टोत दर वेळी होतेच असं नाही. सिस्टरची माफी मागायला अजून वेळ गेलेली नाही.

रेवाकाठी_रमेश
मंगळवार, सकाळी ८.२०

मग साधं आहे. सगळा घोळ ग्राहकांचा ना? टीएलआर-४ला कुलूप घालायचं औषध द्या. आग लागणारच नाही.

पेट्रीडिश
मंगळवार, सकाळी ९.३०

करून झालंय. एरिटोरान नावाचं औषध होतं, टीएलआर-४च्या खाचेत बसून लिपिड ए-ला जागा न देणारं. उंदरांत सुंदर. सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गाने सगळं शरीर कोलमडलेल्या रुग्णांवरची मोठी चाचणी २०१३मध्ये छापली गेली: मृत्यू कमी झाले नाहीत. त्याआधी एंडोटॉक्सिनविरुद्धची प्रतिपिंडं टोचायचंही झालं. सेंटॉक्सिन नावाने युरोपात विकायला आलं आणि १९९३मध्ये मागे घ्यावं लागलं.

का? रुग्ण पोचतो तेव्हा घंटा वाजून तास उलटलेले असतात, आता घंटा काढून काय उपयोग. शिवाय दारं अनेक: टीएलआर-२ आहे, टीएलआर-५ आहे. आणि एक चोरवाटही आहे. हे जिवाणू आपल्या बाह्य पटलाचे बुडबुडे सोडत असतात, वीसेक ते दोन-अडीचशे नॅनोमीटरचे. त्यात एलपीएस, प्रथिनं, सगळा ऐवज भरलेला. आपली पेशी तो बुडबुडा गिळते, एलपीएस थेट पेशीच्या गाभ्यातल्या रसात उतरतं. तिथे टीएलआर नाही, कॅस्पेस नावाची विकरं त्याला पकडतात. माणसात कॅस्पेस-४ आणि ५. मग पेशी स्वतःच्या भिंतीला भोकं पाडून फुटते आणि जाताना इंटरल्युकिन-१ उधळते. टीएलआर-४ला घातलेलं कुलूप इथे काय करणार?

शिवाय ग्राहक कायमचे बंद केले तर साधा जंतूही भारी पडेल. टीएलआर-४ निकामी असलेले उंदीर साल्मोनेलाने पटापट मरतात.

गायकवाडी
मंगळवार, सकाळी १०.१०

एंडोटॉक्सिन शब्दावरून आठवलं. १८९२च्या सुमारास बर्लिनमध्ये रिचर्ड फायफरने कॉलऱ्याचे मेलेले जिवाणूही गिनीपिगला मारतात हे पाहिलं आणि विष जिवाणूच्या अंगातच आहे असं ठरवलं. पुढे साठेक वर्षं कॉलऱ्याच्या जुलाबाचं खापरही त्याच विषावर. १९५९मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाचं आतडं दोऱ्याने बांधून दाखवलं की जुलाब करणारं विष जिवाणू बाहेर सोडतो, ते अंगरख्याचं नाही. नोबेल मिळालं नाही. ससा इथेही आहे, नाना!

अनुस्वार_हरवला
मंगळवार, दुपारी १२.४५

थोडं आडवळण. आमच्या अलकापुरी योगा ग्रुपवर फॉरवर्ड आलाय, 'आतड्यातला चमत्कारी जिवाणू, सूज घालवतो, वजन उतरवतो.' नाव अक्करमान्सिया. थाप ना?

पेट्रीडिश
मंगळवार, दुपारी ३.३०

नाव खरं, चमत्कार पदरचा. अक्करमान्सिया २००४मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला सापडला, आपल्या आतड्याच्या शेंबडावर जगतो. आपल्या धाग्याशी त्याचं नातं असं की त्याच्या बाह्य पटलावर एएमयूसी-११०० नावाचं प्रथिन आहे आणि तेही टीएलआर-२ला धरतं. पण उंदरांत त्याने दाह पेटला नाही, आतड्याचं अस्तर घट्ट झालं, लठ्ठ उंदरांची साखर सुधारली. २०१७चं काम. सत्तर अंशांना तापवून मारलेला जिवाणूही चालला, कारण ते प्रथिन तेवढ्या उष्णतेत टिकतं. मेलेल्याचा अंगरखा इथे औषध! माणसांवर छोटीशी चाचणी झाली आहे, वजनकाटा हलेल अशी आशा मी तरी ठेवणार नाही. योगा चालू ठेवा.

तोच टीएलआर-२. लेप्टोत त्याने मूत्रपिंड सुजतं, आतड्यात त्याने भिंत लिंपली जाते.

तर्कट
मंगळवार, संध्याकाळी ६.००

पटलं, थोडं. पण जिवाणूचा फायदा काय? दाह पेटवणारं प्रथिन अंगावर बाळगायचंच कशाला? टाकून का देत नाही?

पेट्रीडिश
मंगळवार, रात्री ९.५०

कारण त्याच प्रथिनावर त्याचं घर उभं आहे. ओम्पए रेनकोटाला आतल्या भिंतीशी टाचून ठेवतं. पोरिन टाकलं तर अँटिबायोटिक आत येत नाही हे खरं, काही क्लेबसिएला तेच करतात, पण अन्नही रोडावतं. आणि आपल्या पेशींना ही अडचण बरोबर ठाऊक आहे. न्यूट्रोफिलमध्ये इलास्टेज नावाचं विकर असतं, ते ई. कोलायला मारतं ते नेमकं ओम्पए कापून. २०००मध्ये हे दाखवलं गेलं. ज्या खांबावर घर, त्याच खांबाला करवत.

जिवाणूही गप्प बसत नाही. नवजात बाळांना मेंदूज्वर करणारा ई. कोलाय त्याच ओम्पएने आपल्या रक्तातलं सी४बीपी धरतो. ते आपलंच ब्रेक लावणारं प्रथिन, जिवाणूने पांघरलं की रक्तातल्या जिवाणू मारणाऱ्या पूरक प्रथिनांचा मारा ढिला पडतो. परम्याचा (गनोरियाचा) जिवाणू तर वस्ताद आहे. त्याची ओपीए प्रथिनं टी-पेशींवरच्या सीईएकॅम-१ला हात घालतात, तो ग्राहक म्हणजे 'शांत राहा'चं बटण. टी-पेशी आळसावते. परमा एकाच माणसाला पुन्हा पुन्हा होतो, त्याचं हे एक कारण मानतात. पण न्यूट्रोफिलांवर त्याच घराण्यातला सीईएकॅम-३ असतो, त्याला तीच ओपीए चिकटली की न्यूट्रोफिल जिवाणूला गिळून टाकतो. एकच किल्ली, एका दाराला कुलूप लावते आणि दुसरं उघडते.

एक भर. न्यूझीलंडने २००४पासून मेंदूज्वराच्या बी-प्रकाराविरुद्ध लस दिली, त्या जिवाणूच्या बाह्य पटलाच्या बुडबुड्यांचीच. नंतर २०१७मध्ये हिशेब केला तर लस घेतलेल्यांत परमा सुमारे ३१ टक्के कमी. दोन्ही जिवाणू नायसेरिया, भाऊ-भाऊ, रेनकोट सारखा. परम्याविरुद्धच्या लशीला तोवर सतत अपयशच येत होतं.

सूरसागरकाठची
बुधवार, सकाळी ८.०५

आज पहाटे घाम येऊन ताप ९९वर आला! सहा दिवस झाले औषधाला. पेज आणि मऊ भात गेला पोटात. डॉक्टर म्हणाले, कोर्स मात्र पुरा करायचा.

रात्री त्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. क्लेबसिएलाचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या पेशींनी शर्ट बघून मारामारी केली." मी म्हटलं, हो, आणि घरातली भांडीही फोडली. नवरात्रापर्यंत गरबा खेळता येईल का हे विचारून झालंय. डॉक्टरांनी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

त्याचा एक प्रश्न उरला आहे, नानांना. सशांचं पुढे काय व्हायचं?

निवृत्त_नाना
बुधवार, सकाळी १०.२०

शाब्बास रे पठ्ठ्या. बॅच पास झाली तर सशाला काही दिवस विश्रांती देऊन पुन्हा घ्यायचो. ताप आला तर विश्रांती जास्त. गाजर-कोबी कंपनीच्या कँटीनमधून. एक ढवळी मादी होती, कान धरला की आपणहून मान खाली घालायची, तिला आम्ही राणीसाहेब म्हणायचो. एलएएल आल्यावर पिंजरे रिकामे करायचे ठरलं तेव्हा तिला मी घरी आणली. मांजलपूरच्या घरात चार वर्षं राहिली. बायकोची तुळस खाल्ली तिने, दोनदा.